बोटीने येणाऱ्यांना मुरगाव पायी पाहू द्या

मा. संपादक,
स. न.

मुरगाव बंदरात यंदाच्या हंगामात प्रवासी बोटी यायला लागल्याची बातमी आपल्या दैनिकात दरवर्षी ऑक्टोबरच्या आसपास येते. धक्क्याला लागलेल्या पांढऱ्याशुभ्र बोटीचे छायाचित्र, स्वागताचा बँड, आणि किती प्रवासी उतरले त्याचा आकडा. उतरलेली माणसे पुढे कुठे गेली, त्यांनी काय पाहिले, परत चढताना काय घेऊन गेली, हे त्या बातमीत नसते. मी बंदराच्या वरच्या टेकडीवर, हेडलँड सड्यावर राहते. ज्या दिवशी बोट लागते त्या दिवशी सकाळी आमच्या खिडकीतून ती दिसते, आणि बंदराच्या गेटातून एकामागोमाग एक बाहेर पडणाऱ्या बसगाड्याही दिसतात. त्या सगळ्या वास्को, म्हणजे बंदराला लागून असलेले आमचे शहर, मागे टाकून निघून जातात. हे पत्र त्याबद्दल आहे.

वेळेचा हिशेब आधी मांडते. बोट सकाळी लागते. तपासणी, कागदपत्रे, रांगा हे सगळे उरकून माणसाचा पाय जमिनीला लागेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. संध्याकाळी बोट सुटायच्या निदान तासभर आधी प्रत्येकाने वर असायला हवे. म्हणजे हातात उरतात सहा-सात तास. मुरगावहून पणजी रस्त्याने तीस किलोमीटरच्या वर आहे, तिथून जुने गोवे आणखी दहा. झुआरीवरचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची ती जीवघेणी कोंडी सुटली, हे खरे आणि त्याबद्दल आम्ही वास्कोकर कायम ऋणी राहू. तरीही जाऊन येऊन अडीच तास गाडीतच जातात. त्यात बसमध्ये चढणे, उतरणे, माणसे मोजणे, न आलेल्या दोघांसाठी थांबणे. उरलेल्या वेळात जुने गोवे, पणजी, एक किनारा, एक मसाल्याची बाग आणि काजूचे दुकान, असे सगळे बसवतात.

माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान डोंबिवलीहून असेच मुंबईच्या बोटीने आले होते. बस कोणाची होती ते इथे सांगत नाही. बाँ जेझू बासिलिकेच्या रांगेत ते उभे राहिले, आत गेले आणि सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी नीट दिसायच्या आतच शिट्टी झाली. से कॅथेड्रल रस्त्याच्या पलीकडून पाहिले. पणजीत बस मांडवीच्या काठाने सावकाश चालवली आणि "उजवीकडे चर्च, डावीकडे कॅसिनो" एवढे ऐकवले. संध्याकाळी बोटीवरून तिचा फोन आला, "ताई, तुझ्या गावात उतरलो आणि तुझं गाव सोडून सगळं बघितलं. खरं म्हणजे तेही नाही बघितलं." भावोजींचे गुडघे दुखत होते, आणि ते चालून नव्हे, बसमध्ये बसून.

माझे वडील गोवामुक्तीनंतर वेंगुर्ल्याहून इथे बंदरात कामाला आले. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून पडावात बसायचे, पडाव हेलकावे खात आगबोटीला जाऊन लागायचा, मग वर चढायचे. ती आगबोट पणजीला मांडवीच्या काठी लागायची, अगदी शहराच्या तोंडाशी. ट्रंक डोक्यावर किंवा हमालाकडे देऊन उतरलेला माणूस सरळ पायी शहरात शिरायचा. चहाचे दुकान, खाणावळ, देऊळ, कचेऱ्या, सगळे चार पावलांवर. पावसाळ्यात ती सेवा बंद असे आणि कोकणातली आमची नातीगोती चार महिने पत्रांवर चालत. पुढे आगबोटी बंदच झाल्या. आज बोटी पुन्हा आल्या आहेत, त्या कितीतरी मोठ्या आहेत, आणि त्यांना पाणी खोल लागते म्हणून त्या मुरगावला लागतात. पण उतरलेल्या माणसाला शहरात पायी शिरता येत नाही. बंदराच्या आत पायी फिरायला परवानगी नसते, ते सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच आहे. गेटपर्यंत बस सोडते. गेटाबाहेर टॅक्सीवाल्यांची गर्दी, आणि त्यापलीकडे कोळशाच्या ट्रकांचा रस्ता. तिथे उभ्या असलेल्या नवख्या माणसाला शहर कोणत्या दिशेला आहे हेसुद्धा कळत नाही.

अशाच एका परदेशी जोडप्याला मी गेल्या हंगामात देस्तेर या वस्तीजवळ रस्त्याच्या कडेला पाहिले. दोघेही सत्तरीच्या पुढचे असावेत. बाईंच्या हातात छत्री, गृहस्थांच्या हातात मोबाईल, आणि बाजूने धूळ उडवत ट्रक. त्यांना "टाऊन" हवे होते. टॅक्सीने पणजीला जायचे त्यांच्या मनात नव्हते, कारण बोट चुकेल ही धास्ती. मी भाजी आणायला निघालेच होते, म्हटले चला माझ्याबरोबर. त्या दिवशी मी त्यांना काही खास दाखवले असे नाही. स्टेशन, नगरपालिका, बाजार, देऊळ, चहा. सर्वांत जास्त वेळ ते मासळी बाजारात रमले. एकेका माशाचे नाव विचारायचे, लिहून घ्यायचे. बांगडा, तारली, इसवण, मोरी, सुंगटे. एका मासेवालीने त्या बाईंच्या हातात जिवंत कुर्ली धरून दाखवली तेव्हा भोवती बघ्यांचे कोंडाळे जमले. परत जाताना ते म्हणाले की एवढ्या बंदरांत फिरलो, पण माणसांशी बोलणे इथेच झाले. मी हे सांगते ते कौतुकासाठी नाही. त्यांना रस्ता दाखवायला योगायोगाने एक म्हातारी भेटली. बोटीतल्या बाकीच्यांना कोण भेटणार?

आमच्याच लोकांचे म्हणणे असते की वास्कोत पाहण्यासारखे आहे काय. मी इतिहास शिकवण्यात नोकरी घालवली, त्यामुळे हे वाक्य मला फार लागते. मुलांना मी वर्गात जे शिकवले त्यातले बरेचसे या टेकडीवरून बोट करून दाखवता येते.

सड्याच्या टोकावर उभे राहा. समोर झुआरीचे मुख, पलीकडे दोनापावल आणि काबोचे राजभवन. अलीकडे खाली जुन्या मुरगाव किल्ल्याचे उरलेसुरले तट. या किल्ल्याचे काम १६२४ साली सुरू झाले. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली, जुवे बेट घेतले आणि जुने गोवे शहराच्या उरात धडकी भरवली. त्यानंतर व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने राजधानीच उचलून मुरगावला आणायचे ठरवले. वाडे, कचेऱ्या बांधायला सुरुवातही झाली. वर्षानुवर्षे तो बेत कधी पुढे, कधी मागे असा चालला आणि शेवटी सोडून दिला गेला. राजधानी १८४३ मध्ये अधिकृतपणे गेली ती पणजीला. म्हणजे ज्या जागी आज बकऱ्या चरतात ती जागा गोव्याची राजधानी होता होता राहिली, आणि त्यामागचे कारण मराठ्यांची तलवार होती. मुंबईच्या बोटीतून शेकडो मराठी कुटुंबे इथे उतरतात. त्यांतल्या किती जणांना हे कळते? किल्ल्याजवळ हे सांगणारा एखादा धड फलक कोणी पाहिला असेल तर मला दाखवावा.

तिथूनच जरा डावी-उजवीकडे पाहिले की १९४३ सालचे पाणी दिसते. दुसरे महायुद्ध चालू, पोर्तुगाल तटस्थ, आणि मुरगावच्या बंदरात आसरा घेतलेली चार जहाजे. एहरेनफेल्स, द्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही जर्मन, आन्फोरा हे इटालियन. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स नावाच्या स्वयंसेवी पलटणीतले उतारवयाकडे झुकलेले इंग्रज गृहस्थ एका बार्जमधून गुपचूप इथे आले आणि एहरेनफेल्सवर चढले. जहाज शत्रूच्या हाती लागू नये म्हणून जर्मनांनी ते स्वतःच बुडवले, बाकीच्या तिघांचीही तीच गत झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच धक्क्यावर दुसरा प्रसंग घडला. जपानकडून तेइया मारू हे जहाज आले, अमेरिकेकडून ग्रिप्सहोम आले, आणि युद्धात अडकून पडलेल्या हजारो नागरिकांची अदलाबदल झाली. एका बाजूने जपानी कुटुंबे गेली, दुसऱ्या बाजूने चीन-फिलिपिन्सच्या छावण्यांतून सुटलेले अमेरिकन आणि इतर आले. आज बोटींतून जे अमेरिकन आणि जर्मन म्हातारे उतरतात त्यांच्या आईवडिलांच्या पिढीची ही गोष्ट आहे. ती त्यांना जुन्या गोव्याच्या वाटेवर बसमध्ये कोणी सांगत नाही, आणि जिथे घडली तिथे पाऊलभर थांबवतही नाही.

आणि १८ डिसेंबर १९६१. पोर्तुगीजांची अफोंसो द अल्बुकर्क ही युद्धनौका याच पाण्यात उभी होती. आपल्या बेतवा आणि बियास या नौकांनी तिच्यावर तोफा डागल्या. जबर मारा सोसून ती बांबोळीच्या बाजूला किनाऱ्याला रुतली. आमच्या शेजारच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या सांगत की त्या दुपारी भांड्यांच्या फळीवरची भांडी खणखणली होती. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. शाळेच्या सहलीला मी मुलांना इथेच आणत असे, आणि बेतवा-बियासची नावे सांगताना मुले आपोआप गप्प होत.

सड्यावरचे जपानी गार्डन, तिथून दिसणारी बेटे, खालचा लहानसा किनारा, याबद्दल वेगळे लिहायला नको. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर तिथे वारा छान असतो.

टेकडी उतरून शहराकडे यावे. उतार असल्यामुळे गुडघ्यांना काठी बरी, पण दम लागत नाही. एका बाजूला बंदराच्या क्रेन आणि धक्के दिसत राहतात. मांडवी-झुआरीतून बार्जेस खनिज घेऊन यायच्या आणि इथून ते जपानला जायचे, तो काळ आमच्या पिढीने पाहिला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी कोळसा मात्र येतच आहे. त्याची काळी पूड आमच्या ओट्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, मुलांच्या छातीत बसते. पाहुण्यांपासून हे लपवावे असे मला वाटत नाही. बंदराचे शहर बंदराच्या कामातूनच कळते. पण चालणाऱ्याच्या अंगावर ट्रक येऊ नये, एवढे तर व्हायला हवे.

वास्कोचे रेल्वे स्टेशन फार कमी लोक थांबून पाहतात. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्यात गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावरचे नियंत्रण इंग्रजांकडे गेले आणि बदल्यात पोर्तुगीजांना दरसाल रक्कम मिळू लागली. याच करारातून बंदर आणि लोहमार्ग यांचा मार्ग खुला झाला. मुरगावपासून दूधसागरच्या घाटातून कॅसलरॉकपर्यंतचा मार्ग १८८८ मध्ये जोडला गेला. आमची मिठागरे त्या करारात होरपळली आणि त्याच गाडीने गोव्याची माणसे पोटासाठी मुंबईला गेली. मुंबईतल्या गिरगाव-धोबीतलावकडच्या कित्येक गोमंतकीय घरांची मुळे या रुळांपाशी सापडतील. पूर्वी गाडी थेट हार्बरपर्यंत जायची. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन आम्ही हार्बर स्टेशनला उतरत असू. बोटीतून उतरायचे आणि समोर गाडीत बसायचे, अशी ती सोय होती. आज त्या टोकाला प्रवासी गाडी जात नाही. बोट लागेल त्या दिवशी दोन डब्यांची गाडी हार्बर ते वास्को अशी सोडता आली, तर प्रवासी दहा मिनिटांत शहराच्या मध्यभागी उतरेल आणि ट्रकांच्या रस्त्यावर पाय ठेवावाच लागणार नाही. यातल्या अडचणी रेल्वे आणि बंदराच्या जाणकारांनी सांगाव्यात. माझ्या मते हे तपासून पाहण्याजोगे आहे.

स्टेशनपासून नगरपालिकेची जुनी इमारत आणि समोरची बाग दोन मिनिटांवर. तिथून स्वातंत्र्य पथाने निघाले की श्री दामोदराचे देऊळ. १८९८ साली गावात साथ आली, माणसे पटापट दगावू लागली, तेव्हा इथल्या लोकांनी जांबावलीला जाऊन श्री दामोदराला साकडे घातले आणि प्रसादाचे श्रीफळ आणून अखंड भजन मांडले. तेव्हापासून श्रावण शुद्ध सप्तमीला चोवीस तासांचा भजनी सप्ताह सुरू आहे. वेगवेगळ्या समाजांचे पार (मिरवणुका), त्यातली गाणी, फेरी, सगळे शहर रात्रभर जागे असते. सप्ताह भर पावसात येतो, तेव्हा बोटींचा हंगाम नसतो, हे खरे. पण एरवीही देवळात दर्शनाला कोणी अडवत नाही. चप्पल बाहेर काढावी, खांदे झाकलेले असावेत, एवढे एका पाटीवर लिहिले की झाले.

मग बाजार. न्याहारीची वेळ असेल तर भाजी-पाव खावा. सुकी बटाटा भाजी आणि पातळ भाजी एकत्र, सोबत पोदेराकडचा ताजा पाव, वर मिरचीचे भजे. बोटीवर दिवसभर चालणाऱ्या जेवणावळीत हे मिळत नाही. दुपारी मासळीच्या जेवणात हुमण, किसमूर, तिसऱ्यांचे सुके आणि सोलकढी. शाकाहारी मंडळींसाठी अळसांद्याचे (चवळीचे) तोणाक आहेच. पुढे सेंट अँड्र्यू चर्च आणि खारीवाड्याचा किनारा, जिथे होड्या आणि ट्रॉलर लागतात. तिथे जाळी विणणाऱ्यांचा फोटो काढण्याआधी विचारावे. पणजीत फोंतेन्यास या जुन्या वस्तीतल्या रहिवाशांना फोटोवाल्यांचा किती त्रास होतो, दारात उभे राहून कशी चित्रीकरणे चालतात, हे आपल्याच दैनिकांतून आपण वाचले आहे. तोच ताप खारीवाड्यातल्या घरांना व्हावा, असे मला मुळीच वाटत नाही. म्हणून पन्नास-पन्नासचे घोळके नकोत. आठ-दहा माणसे, बरोबर एक स्थानिक मुलगा किंवा मुलगी, आणि सावकाश चाल.

ज्यांना पणजीच पाहायची आहे त्यांनी ती जरूर पाहावी. माझे म्हणणे एवढेच की मग जुने गोवे आणि मसाल्याची बाग त्यात कोंबू नये. गाडी पाटोला सोडावी आणि पुढचे दोन-अडीच तास पायांनीच जावे. ओरेंच्या खाडीकाठाने फोंतेन्यासमध्ये शिरायचे. १८१८ मध्ये बांधलेले सेंट सेबॅस्टियनचे कपेल (छोटे चर्च) पाहायचे. त्यातला मोठा क्रूस जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला आहे आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. मळा या भागातल्या मारुतीच्या पायऱ्या चढायच्या, वरून सगळी पणजी कौलारू दिसते. उतरून चर्च चौकात यायचे. इथले पहिले कपेल १५४१ चे, आजची वास्तू १६१९ ची, आणि तिची भली मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या पडक्या ऑगस्टिनियन मठातून आलेली. महालक्ष्मीचे देऊळही तिथून दूर नाही. मग जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा. कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेला हा गोमंतकीय पाद्री पॅरिसला जाऊन संमोहनशास्त्रात नाव काढून गेला. रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने घडवलेला तो पुतळा १९४५ पासून तिथे उभा आहे. दोन्ही हात पुढे केलेला फारिया आणि समोर कोसळलेली स्त्री. कोणत्याही चालत्या बसमधून तो पाहून समजत नाही. थांबावे लागते, एकदा फिरून पाठीमागून पाहावे लागते.

आता मागणे. बंदर, नगरपालिका, पर्यटन खाते, रेल्वे, वाहतूक पोलीस, यांतल्या प्रत्येकाच्या अखत्यारीत यातले काही ना काही येते, आणि म्हणून आजवर ते कोणाच्याच टेबलावर नीट आले नाही. बोटीच्या प्रवाशांना गेटाशी सोडणारी बस तेवढीच पुढे येऊन स्टेशनजवळ थांबावी. दर अर्ध्या तासाला परतीची एक फेरी असावी आणि शेवटची फेरी किती वाजता, ते मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. बोट चुकेल ही भीती गेली की माणूस निवांत चालतो. बोगदा नावाच्या भागापासून देस्तेर आणि पुढे शहरापर्यंत सलग पदपथ हवा, फुटलेल्या लाद्यांचा आणि मध्येच खांब उभे असलेला नव्हे. बोट लागेल त्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा ट्रक थांबवता येतील का, याचा विचार व्हावा. हा पदपथ सड्यावरच्या शाळकरी मुलांनाही वर्षभर लागतो. आज ती ट्रकांच्या चाकांशेजारून चालतात, आणि त्यांच्यासाठी तरी तो आधीच व्हायला हवा होता.

स्वच्छ शौचालय सड्यावर एक आणि बाजारात एक, ज्याला कुलूप नसेल. पिण्याचे पाणी. सावलीत चार बाक. किल्ल्याच्या तटावरची झाडी काढून, दगड न हलवता, तिथे फलक लावावा. मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत, वर सांगितलेल्या सनांसह. हा खर्च एका बोटीच्या स्वागताच्या मांडवाइतका तरी होईल का, याची मला शंका आहे.

टॅक्सीवाल्या भावांविषयी मुद्दाम लिहिते, कारण असे काही बोलले की सर्वांत आधी त्यांच्याच पोटात गोळा येतो. गेटावर त्यांचे आणि बाहेरच्या बसवाल्यांचे खटके उडतात, ते पोटासाठी असतात हे मला कळते. पायी फिरणारा प्रवासी त्यांचा गिऱ्हाईक काढून घेत नाही. तो आज बोटीतून उतरतच नाही. लांबच्या फेरीची धास्ती असलेली, पैशाचा विचार करणारी, वयस्क माणसे दिवसभर डेकवर बसून राहतात. ती खाली उतरली तर सड्यावर चढायला त्यांना टॅक्सी लागेल, दमली की परतायला लागेल, एकट्यादुकट्याला पिवळ्या मडगार्डाचा पायलट, म्हणजे मोटारसायकलवरचा टॅक्सीवाला, लागेल. गेट ते सडा, सडा ते स्टेशन, स्टेशन ते बोगमाळोचे नौदल विमान संग्रहालय, असे ठरलेले दर एका पाटीवर लिहून लावले तर भांडणाला जागा राहणार नाही. दिवसात एक लांब भाडे मारण्याऐवजी सहा छोटी भाडी होतील. (नौदल संग्रहालय सोमवारी बंद असते, तेही त्याच पाटीवर असावे.)

आणि वाट दाखवायला बाहेरून कोणाला आणायची गरज नाही. आमच्या कॉलेजांतली मुले तीन-चार भाषा सहज बोलतात. वास्कोत घरी कन्नड, शेजारी कोंकणी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी असे सर्रास चालते. त्यांना आठवडाभराचे प्रशिक्षण द्यावे, ओळखपत्र द्यावे, आणि चालण्याच्या फेरीचे ठरलेले मानधन. निवृत्त शिक्षक, बंदरातले जुने कामगार, रेल्वेतले निवृत्त गार्ड असे कितीतरी जण शिकवायला स्वतःहून येतील. मी येईनच. बंदरात आयुष्य काढलेल्या माणसाने धक्क्याकडे बोट दाखवून सांगितलेली गोष्ट आणि ध्वनिक्षेपकावरची रेकॉर्ड यांत फरक असतो, तो पाहुण्याला लगेच कळतो.

हंगाम सुरू व्हायला पावसाळ्याचे महिने हाताशी आहेत. पदपथाला वेळ लागेल, रेल्वेला त्याहून जास्त. फलक, दरपत्रक, बसचा थांबा आणि मुलांचे प्रशिक्षण एवढे मात्र या ऑक्टोबरपूर्वी सहज होण्याजोगे आहे. संबंधित अधिकाऱ्यांपैकी ज्यांना ही वाट स्वतः चालून पाहायची असेल त्यांनी आपल्या दैनिकामार्फत कळवावे. पाऊस नसेल त्या रविवारी सकाळी सात वाजता मी सड्यावर जपानी गार्डनच्या फाटकापाशी येईन. सड्यापासून खारीवाड्यापर्यंत, मध्ये भाजी-पावासाठी थांबून, तीन तास पुरतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
हेडलँड सडा, मुरगाव